न बोलता उठणं

इंग्रजीतले एकाच अर्थाचे वाटणारे शब्द वेगळे करून दाखवणं हे माझं काम आहे. आधी पेठेतल्या एका मराठी शाळेत मी हेच करत होते, आता खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत करते. शाळेत मुलं जांभया द्यायची, इथे मोठी माणसं देतात, एवढाच काय तो फरक. खरं तर शाळेतून निवृत्त झाल्यावर घरी निवांत बसायचा बेत होता. पण त्याच वर्षी माझे पती वारले आणि घरी बसणं हीच शिक्षा होऊन बसली. कुणीतरी या नोकरीचं सुचवलं आणि मी फार विचार न करता हो म्हणाले.

एका परदेशी विमा कंपनीचे फोन आमच्याकडे घेतले जातात. त्यातल्या ज्या विभागासाठी मी आहे, तिथे फक्त मृत्यू कळवणाऱ्यांचे फोन येतात. तिकडे कुणाचं माणूस गेलं की नवरा, बायको, मुलगी, कुणीतरी फोन करतं आणि तो खराडीत उचलला जातो. उचलणाऱ्यांचं इंग्रजी चांगलं असतं. पण चांगलं इंग्रजी वेगळं आणि दुःखातल्या माणसाशी बोलायचं इंग्रजी वेगळं. मधलं अंतर भरून काढायला कंपनीनं मला ठेवलं आहे.

माझी शिकवायची रीत शाळेतलीच आहे. मी व्याख्या सांगत नाही, प्रसंग सांगते. 'पिटी', 'सिम्पथी' आणि 'एम्पथी' यांत फरक काय, असं विचारलं की सगळे भराभर मोबाइल काढतात. मी म्हणते, ठेवा ते. शेजारी कुणी गेलं, तर जिन्यातूनच 'अरेरे' करून पुढे जातो तो पिटी करतो. आत येऊन 'फार वाईट झालं' म्हणतो त्याची सिम्पथी. आणि जो काही न विचारता पिठलंभाताचं पातेलं आणून ओट्यावर ठेवतो आणि घरातल्या पोरांना जेवायला बसवतो, त्याची एम्पथी. कुणाच्या पायावर पाय पडला तर सॉरी, आपलं खरोखर चुकलं तर अपॉलॉजाइज, आणि कंपनीला काहीएक करायचं नसेल तर रिग्रेट. औषधं एक्सपायर होतात, माणसं डाय होतात, तेव्हा समोरच्या बाईला 'तुमचा नवरा कधी एक्सपायर झाला' असं विचाराल तर याद राखा. हे सांगताना मी जरा करडी होते. बँकेत आणि गॅसच्या ऑफिसात माझ्या पतींबद्दल हाच शब्द सगळ्यांनी माझ्या तोंडावर वापरला होता आणि मी तो निमूटपणे ऐकून घेतला होता.

एकदा 'अलोन' आणि 'लोन्ली' यांची जोडी आली. मी सांगून गेले, की सगळे बाहेर गेल्यावर दुपारी चहाचा कप घेऊन बसतो तेव्हा आपण अलोन असतो; आणि मंडईत भर गर्दीत पिशवी घेऊन उभे आहोत, भाजी समोर आहे, पण कुणासाठी काय घ्यायचं हेच सुचत नाही, तेव्हा लोन्ली. मी फळा पुसायला वळले, वास्तविक त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

त्या वर्गात एक गृहस्थ होते, चाळिशी ओलांडलेले. बाकी सगळी पंचविशीच्या आसपासची पोरं, त्यात हे वर्गात चुकून आलेल्या पालकासारखे दिसायचे. आमची इमारत ज्या गावाच्या जमिनीवर उभी आहे, त्याच गावचे ते. गाव केव्हाच महापालिकेत आलं. त्यांच्या वडिलांची ज्वारी जिथे उभी राहायची तिथे आता आमचं पार्किंग आहे, असं ते सहज सांगत, कुरकुर म्हणून नव्हे. जमिनीचे पैसे भावाभावांत वाटले गेले आणि कुठे गेले ते कळलंही नाही. ते बी.कॉम. झालेले. एका पतसंस्थेत क्लार्क होते, ती बुडाली. मग एका गोडाउनवर होते, ते बंद पडलं. या वयात कुणी दारात उभं करत नाही आणि इथे केलं, म्हणून ते जीव तोडून शिकत होते. त्यांच्या पत्नीनं तर अख्ख्या भावकीत 'आमचे हे आयटीत लागले' असं जाहीर करून टाकलं होतं. नोकरी अजून कच्ची होती, पक्की व्हायची होती, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि नेमकं त्यांचंच अडलं.

आमच्याकडे प्रत्येक फोन रेकॉर्ड होतो आणि तपासला जातो. सुरुवात नीट केली का, नाव नीट विचारलं का, शेवटी निरोप घेतला का, या सगळ्याला एका तक्त्यात गुण असतात; विचारायचे प्रश्नही त्यातच छापलेले. शेवटचा निरोप राहिला तर अख्ख्या फोनला शून्य. त्या चुकीला तिथे 'फेटल', म्हणजे प्राणघातक, म्हणतात. मृत्यूचे फोन घेणाऱ्या विभागात हा शब्द कसा काय चालतो, असं मी एकदा मीटिंगमध्ये विचारलं होतं. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकानं पाहिलं आणि पुढचा विषय घेतला.

या गृहस्थांचे फोन शेवटपर्यंत उत्तम जायचे. आवाज शांत, घाई नाही, 'आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस' हे वाक्य तर असं म्हणायचे की मी रेकॉर्डिंग मागे नेऊन ते पुन्हा ऐकायचे. पोरं तेच वाक्य तिकीट दिल्यासारखं म्हणतात. पण सगळं बोलून झालं, पुढे काय होईल ते सांगून झालं, की हे गप्प. थोडी शांतता, खुर्ची सरकल्याचा बारीक आवाज, आणि फोन बंद. ना गुडबाय, ना टेक केअर, ना थँक यू. पलीकडच्या माणसाला वाटायचं, लाइन कट झाली. एका बाईनं परत परत फोन लावला होता आणि दुसऱ्या कुणाला तरी ती रडत विचारत होती, की मी काही चुकीचं बोलले का, त्यांनी मला असं मध्येच का सोडलं. ते रेकॉर्डिंग मी ऐकलं तेव्हा मला त्या बाईचं फार वाईट वाटलं आणि यांचा संताप आला.

मी त्यांना बोलावून स्पष्टच विचारलं, "अहो, दोन शब्द म्हणायला तोंड दुखतं का तुमचं?"

"काय की मॅडम," ते म्हणाले. "बोलायला जातो आन् तोंडच उघडत न्हाई. पत्ता बदलायचा एखादा फोन चुकून आला तर हॅव अ नाइस डे बी म्हनतो. ह्येच फोन असले की गाडी अडते."

ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांचे इतर फोन ऐकले, तिथे निरोप खणखणीत होता. मला काही उलगडा होईना. भीती म्हणावी तर आवाजात भीती नव्हती, आळस म्हणावा तर माणूस आळशी नव्हता.

उलगडा झाला तो आमच्या सोसायटीत. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे भाऊ गेले, म्हणून मी संध्याकाळी भेटायला गेले होते. नेहमीचंच. थोडं बोलणं, बरंचसं गप्प बसणं, पंख्याचा आवाज. मग वेळ झाली तशी मी हळूच उठले, काकूंच्या खांद्याला हात लावला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. जिन्याच्या वळणावर आले आणि तिथेच थांबले. मी 'येते' म्हणाले नव्हते. कसं म्हणणार? सुतकाच्या घरातून निघताना 'येते' म्हणायचं नाही, अशा कारणासाठी त्या घरी पुन्हा यायची वेळ कुणावर येऊ नये, हे मला कधी कुणी बसवून शिकवलेलं नाही. आईबरोबर जाता जाता अंगात मुरलेलं आहे. न बोलता उठायचं आणि न बोलता निघायचं. खराडीतले ते गृहस्थ फोनवर दुसरं काय करत होते?

दुसऱ्या दिवशी मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. मग म्हणाले, "त्येच की! मयताच्या दारावर गेल्यावर कोन येतो म्हनतंय? माझ्या ध्यानातच न्हाई आलं." चेहरा एकदम मोकळा झाला आणि लगेच परत उतरला. "पन मॅडम, मग आता करायचं काय?"

मी क्वालिटीच्या, म्हणजे फोन तपासून गुण देणाऱ्या विभागाच्या मॅनेजरकडे गेले. तिशीतला मुलगा, कोथरूडचा, हुशार आणि सरळ. त्याला मी सगळं समजावून सांगितलं, जरा आवाज चढवूनच. हा माणूस उद्धट नाही, उलट तुमच्या सगळ्या गुणांपेक्षा जास्त अदब तो दाखवतोय. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅम, आय गेट इट," तो म्हणाला. "माझी आजी गेली तेव्हा लोक असेच उठून जायचे. पण तिकडच्या लेडीला हे कसं कळणार?"

मला त्याचा राग यायला हवा होता, पण तो बरोबर होता. आपल्या घरात ज्याला मान समजतात, तो पलीकडे पोहोचताना नुसता कट झालेला फोन होत होता. त्यानं शुक्रवारपर्यंत मुदत दिली. शुक्रवारी तो स्वतः एक फोन ऐकणार होता. निरोप नीट झाला तर नोकरी पक्की, नाही तर त्याच दिवशी शेवट.

मग आम्ही कामाला लागलो. निरोपाचे शब्द मी त्यांच्यापुढे एकेक करून वेगळे केले. 'सी यू' म्हणजे आपलं 'येतो', ते या विभागात चुकूनही नको. 'फेअरवेल' म्हणजे शाल, नारळ आणि भाषणं. 'बाय' म्हणजे कोपऱ्यावरच्या मित्राला म्हणतो ते. 'गुडबाय'मध्ये मात्र परत येणं नाही, बोलावणं नाही, नुसता निरोप आहे. हे म्हणायला तुम्हाला हरकत नसावी.

"निरोप तर हाय ना त्यात," ते म्हणाले. "त्यो तरी कशाला घ्यायचा अशा घरात?"

"बरं, मग 'टेक केअर'? काळजी घ्या, सांभाळा. हे तर आपणही म्हणतो."

"म्हनतो. पन बसल्यावर म्हनतो, उठताना न्हाई."

हे खरं होतं. मी इतकी वर्षं इतक्या घरांत बसून आले, पण कधी लक्ष दिलं नव्हतं. म्हटलं, ठीक आहे, आपण आधी 'टेक केअर' म्हणू, अजून बसलेलोच आहोत असं धरून, आणि मग त्याच दमात 'गुडबाय'. त्यांना ते पटलं. मी त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, म्हणजे फक्त आवाज ऐकू यावा, आणि पाठीमागे बसून फोन करणारी बाई झाले. माझे वडील वारले, माझा काका वारला, असं काय काय मी रचून सांगितलं. त्यांनी प्रत्येक वेळी छान निरोप घेतला. मला हायसं वाटलं. पण दुपारी त्यांनी खरा फोन घेतला आणि शेवटाला पुन्हा तीच शांतता, तीच खुर्ची, तोच कट.

"तुमचं खोटं हाय हे मला म्हाईत असतं ना मॅडम," ते खाली मान घालून म्हणाले. "खोट्या घरातनं उठायला काय लागतंय?"

हा गुरुवार होता. पोरं चहाला गेली होती, ट्रेनिंगच्या खोलीत आम्ही दोघंच होतो. मी दार लोटून घेतलं. मग त्यांना म्हटलं, वळा भिंतीकडे, परत करू.

"माय हजबंड डाइड," मी म्हणाले.

ते दचकले, ते मला पाठीमागूनही दिसलं. ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं. पण त्यांनी वळून पाहिलं नाही. आय ॲम सॉरी फॉर युवर लॉस, मॅम, असं ते त्यांच्या त्या आवाजात म्हणाले. मग तक्त्यातले प्रश्न विचारले, नाव काय, कधी, कुठे. मी सगळी उत्तरं इंग्रजीत दिली. घरी, खुर्चीत, पेपर वाचताना. तक्त्यात नसलेलंही सांगितलं. मी पलीकडच्या खोलीत इस्त्री करत होते, त्यांचाच शर्ट होता, जुन्या मित्रांकडे घालून जायचा, आणि मला काहीही ऐकू आलं नाही.

मराठीत मी आजवर 'हे गेले' एवढंच म्हणत आले होते. 'गेले' म्हटलं की माणूस कुठेतरी असतो. 'डाइड' म्हटल्यावर तो कुठेच उरत नाही. इतकी वर्षं हा फरक मी पोरांना शिकवला आणि स्वतःला त्या दिवशी कळला. माझा आवाज फुटला, आणि तो मी सावरलाही नाही.

त्यांचे प्रश्न संपले. आता निरोप. ते गप्प होते. मग खुर्ची सरकली. ते उठले, मान खाली घालून माझ्या बाजूनं गेले, काचेचं दार आवाज न करता उघडलं आणि बाहेर पडले.

मी तशीच बसून राहिले, आणि मला बरं वाटलं. हे गेले त्या दिवसांत घरात माणसांची रीघ होती, पण कोण आलं, कोण उठलं, मला काही कळलं नव्हतं. या वेळी कुणीतरी माझ्याकडे बसून गेलं आणि ते मला कळलं. खूप रडले. मग चष्मा पुसला आणि मला भलताच राग आला, कारण उद्या हा माणूस असाच उठला असता आणि असाच घरी गेला असता.

ते बाहेर पाण्याच्या मशीनपाशी उभे होते, हातात रिकामा ग्लास.

"चला आत," मी म्हणाले. "नापास झालात."

"मॅडम, तुमच्यासंगं न्हाई जमायचं. दुसरं कायबी सांगा."

"माझ्याशीच जमायला पाहिजे. माझ्याशी जमलं तर कुणाशीही जमेल."

ते आत आले. मी पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं, नाव, खुर्ची, पेपर, इस्त्री. दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज अजिबात कापला नाही, आणि याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यांचा मात्र कापत होता. शेवटी बराच वेळ ते थांबले. मी मदत केली नाही.

"प्लीज टेक केअर ऑफ युवरसेल्फ, मॅम," ते म्हणाले. "गुडबाय."

मला वाटलं होतं, दोन साधे शब्द, त्यांचं काय एवढं. पण ते कानावर आले आणि एवढं काय ते कळलं. कुणीतरी मला सांगत होतं की आमचं बसणं संपलं, आता पुढचं तुमचं तुम्ही बघा. फोनवरच्या बाईनं उत्तर द्यायचं असतं म्हणून मीही 'गुडबाय' म्हणाले. मग तक्ता ओढला आणि निरोपासमोर पूर्ण गुण लिहिले.

शुक्रवारी मॅनेजरनं हेडफोन लावून फोन ऐकला. कुणी म्हाताऱ्या बाई होत्या, नवरा गेला होता. मी लांबून फक्त मॅनेजरचा चेहरा बघत होते. फोन संपल्यावर त्यानं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. संध्याकाळी कागदावर सह्या झाल्या आणि नोकरी पक्की झाली.

सोमवारी ते पेढे घेऊन आले. पत्नीनं पाठवले होते, भावकीत वाटून उरलेले नव्हेत, माझ्यासाठी वेगळे. मी एक उचलला आणि विचारलं, "काय म्हणाल्या हो त्या बाई शेवटी?"

"थँक यू म्हनाल्या. शेवटपत्तोर बोललात, बरं वाटलं म्हनाल्या." ते थोडं घुटमळले. "पन मॅडम, फोन ठेवला आन् असं वाटलं, बाई एकली घरात बसलीया आन् मी तिचा निरोप घिऊन उठलो. आता रोजच असं उठायचं."

"सवय होईल," मी म्हणाले.

हे गेले तेव्हा भेटायला आलेली प्रत्येक बाई मला हेच सांगून गेली होती, आणि प्रत्येक वेळी तिला हाताला धरून दाराबाहेर काढावंसं वाटलं होतं. माझ्या तोंडून ते इतक्या सहज निघालं की मला परत घेताही आलं नाही. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि हेडफोन लावून पुढचा फोन घ्यायला गेले.